मोफत वकील मिळतो, पण ऐकून कोण घेतं?

मध्यंतरी एका लॉ कॉलेजच्या कायदेविषयक शिबिराची बातमी करायला गेलो होतो. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. बॅनर, सत्कार, दीड तास भाषणं. शेवटी एक आजी सातबारा घेऊन उठल्या. समोरच्या पोराने पहिलाच प्रश्न टाकला, "कुठल्या कायद्याखाली तक्रार आहे?" आजींनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

पोराचा दोष नाही. माणसाकडून हकीकत कशी काढून घ्यायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि या बाबतीत आपल्या महाराष्ट्राचा एक जुना धडा आहे.

मे १९८२. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये १५ महिला कैद्यांशी बोलणी केली. त्यातल्या पाचजणींनी सांगितलं, की लॉकअपमध्ये पोलिसांनी मारहाण केली. बारसे वकील नव्हत्या. त्यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं. मग निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना जेलमध्ये पाठवून अहवाल मागवला. अहवालात काय निघालं? गरीब कैद्यांसाठी कायदेशीर मदतीची सोय अपुरी. वर दोन परदेशी कैद्यांचे दागिने एका वकिलानेच फीच्या नावाखाली दाबून ठेवलेले!

१५ फेब्रुवारी १९८३ ला न्या. भगवतींच्या खंडपीठाने निकाल दिला. अटक झालेल्याचे हक्क मराठीत छापून प्रत्येक लॉकअपच्या कोठडीत लावा. अटक झाली की पोलिसांनी कायदेशीर मदत समितीला कळवावं. समितीच्या वकिलांना जेलमध्ये जाऊ द्या, आणि कैदी-वकील भेट जेलच्या माणसाला दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी व्हावी. म्हणजे वकिलाने उठून कैद्याकडे जायचं आणि ऐकून घ्यायचं!

तसा विषय त्याहून जुना. बॉम्बे लीगल एड सोसायटी १९२४ ची. (पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेजही त्याच वर्षीचं.) १९४९ मध्ये मुंबई प्रांताने यावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष न्या. एन. एच. भगवती, म्हणजे वरच्या भगवतींचे वडील. १९७६ ला घटनेत कलम ३९-अ आलं, १९८७ ला विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, लागू व्हायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

याच कायद्यात लॉ कॉलेजांतल्या विधी सेवा केंद्रांचाही उल्लेख आहे. १९९७ मध्ये बार कौन्सिलने प्रात्यक्षिकाचे चार पेपर सक्तीचे केले, त्यात कायदेशीर मदतीचं काम आलं. कागदावर छान. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होतं, ते तिथून पास झालेल्या कुठल्याही ज्युनियरला विचारा. फाइल, सही, तोंडी परीक्षा, झालं. पोरं जेलच्या गेटपर्यंतही जात नाहीत. सगळीकडे असंच आहे असं नाही, काही प्राध्यापक जीव तोडून करतात. पण ते त्यांच्या हौसेवर चालतं.

असो. त्या आजींना मी बाहेर गाठलं. तुमच्याही ओळखीत कुणी असेल तर सांगा : महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले आरोपी यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, नाहीतर १५१०० ला फोन. आजींनी नंबर पिशवीतल्या त्याच सातबाऱ्याच्या पाठीवर लिहून घेतला, माझ्याकडूनच.