पन्नास डॉलरचा पट्टा

आई-बाबा ऑस्टिनला आले की एक भांडण ठरलेलं असतं. आई मागच्या सीटवर बसते आणि पट्टा लावत नाही. "साडी चुरगळते रे. आणि धरलंच तर दंड भरू की!" परवा लेक ट्रॅव्हिसकडे फिरायला निघालो तेव्हाही तेच. शेवटी मी गाडी बंद केली आणि म्हटलं, आज ज्या बाजूला चाललोय ना, तिथल्याच एका गावाची गोष्ट ऐक.

गावाचं नाव लागो व्हिस्टा. मार्च १९९७. गेल अ‍ॅटवॉटर नावाची एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पिक-अप ट्रकमधून घरी चालली होती. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी पाच. मुलाचं खेळणं वाटेत कुठेतरी पडलं होतं, ते शोधत गाडी अगदी हळू चाललेली. पट्टा कोणीच लावलेला नव्हता. चूक तिचीच होती आणि तिने ती कधी नाकारलीही नाही.

पोलिसाने थांबवलं. टेक्ससमध्ये या गुन्ह्याला तेव्हा जास्तीत जास्त शिक्षा होती ५० डॉलर दंड. तुरुंगवास नाहीच. पण या पोलिसाने तिला अटक करायचं ठरवलं. रडणाऱ्या मुलांना शेजारी मैत्रिणीकडे सोडून येते म्हणाली, तेही नाही. सुदैवाने मैत्रीणच धावत आली आणि मुलांना घेऊन गेली. आईला बेड्या घातल्या, ठाण्यात नेलं, बूट, दागिने, चष्मा काढून घेतला, फोटो काढला आणि तासभर कोठडीत एकटं बसवलं. मग न्यायाधीशासमोर उभं करून ३१० डॉलरच्या जामिनावर सोडलं. दंडाच्या सहापट जामीन!

तिने गावावर दावा लावला. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २४ एप्रिल २००१ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी ती हरली.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चक्रावलो होतो. कारण बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सूटर आधी चक्क कबूल करतात की या बाईचा झालेला अपमान निरर्थक होता आणि फक्त तिच्यापुरतं बघितलं तर पारडं तिच्याच बाजूला झुकतं. मग हरली का? एक तर, किरकोळ गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा पक्का नियम जुन्या इंग्लिश कायद्यात त्यांना सापडला नाही. आणि दुसरं, रस्त्यावर उभ्या पोलिसाला नियम सोपा हवा. कुठल्या गुन्ह्याला कोठडी आणि कुठल्याला नुसता दंड, हे त्याने तिथे आठवत बसायचं का? गुन्हा डोळ्यांदेखत झालाय ना, मग अटक राज्यघटनेला धरूनच आहे.

विरोधी मत न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचं. शिक्षा दंडाचीच असेल तर पावती द्या. अटक करायचीच असेल तर वेगळं कारण दाखवा. नाहीतर हा अधिकार कोणावर आणि कसा वापरला जाईल, याची त्यांना भीती वाटत होती.

ती खोटी नव्हती. जुलै २०१५ मध्ये याच टेक्ससमध्ये सँड्रा ब्लँड या कृष्णवर्णीय तरुणीला लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून थांबवलं. बोलाचाली वाढली, अटक झाली, आणि तीन दिवसांनी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, पण नुसत्या दंडाच्या गुन्ह्यांत अटक नको, हे कलम मसुद्यातून आधीच गळलं होतं. आणि गंमत बघा, टेक्ससमध्ये फक्त जास्त वेगाने गाडी चालवली आणि हजर राहीन म्हणून सही केली, तर पोलिसाला सोडावंच लागतं. पट्ट्याला ती सवलत नाही!

"आपल्याकडे असं नाही हो," बाबा म्हणाले. कायद्यात खरंच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वॉरंटशिवाय अटकेची मुभा धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवणं, परवानगीशिवाय गाडी नेणं, अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती आहे. पट्ट्यासाठी पावती, खरं नाव-पत्ता सांगितलात की विषय संपला. आणि १९९४ मध्ये जोगिंदर कुमार या तरुण वकिलाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि तो वापरायला कारण असणं वेगळं. सूटरसाहेबांसमोर प्रश्न हाच होता, उत्तर मात्र उलटं आलं.

अर्थात आपल्याकडे निकाल कागदावर आणि चौकातला हवालदार चौकात, हेही आपण जाणतोच. पण निदान विचारायचा प्रश्न तरी आपल्या हातात आहे: "साहेब, गरज काय?" मला वाटतं स्वातंत्र्य बरंचसं या प्रश्नातच असतं. शिक्षा किती छोटी, याने फारसा फरक पडत नाही. समोरच्याला कारण द्यावं लागतं की त्याच्या मर्जीवर भागतं, याने पडतो.

असो. मागून 'खट्' असा आवाज आला. आईने पट्टा लावला होता.

"पोलिसाला भिऊन नाही हं," ती म्हणाली, "तू कधीचा सांगतोयस म्हणून."