धारण तलावाच्या काठची पायवाट

वाशी, नेरुळ, कळंबोली या सिडकोने वसविलेल्या वसाहतींतून जाताना पाण्याचे जे विस्तीर्ण साठे दिसतात, ते नवख्या माणसाला साधी तळी वाटतात. वस्तुतः ते ‘धारण तलाव’, अर्थात होल्डिंग पाँड होत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने भातखाचरांच्या व मिठागरांच्या सखल पट्ट्यात शहर आखले. पुष्कळशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली. ती सगळी भराव घालून उचलणे अतिशय खर्चाचे होते. त्यावर हा उपाय निघाला.

कोकणातल्या खारबंदिस्तीची ‘उघाडी’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तलावाचे तंत्र समजावून सांगावे लागत नाही. खाडीकडच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि गटारांतून आलेले पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा उघडतात. विजेची गरज नाही. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तरच परीक्षा. २६ जुलै २००५ रोजी कळंबोलीने ती अनुभवली.

अशा पाण्याच्या काठाने फिरण्याची हौस स्वाभाविक आहे. नेरुळचा ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हा परिसर धारण तलावाभोवतीच फुलला असून सकाळ-संध्याकाळ तेथे चालणाऱ्यांची वर्दळ असते. काठ पक्का बांधण्यापेक्षा खांबांवर फळ्या टाकून केलेली वाट पुष्कळ सौम्य. फळ्यांच्या फटींतून ऊन-पाऊस खाली पोहोचतो, चिखलातले खेकडे आणि पाणथळीतले बगळे यांचा वावर फारसा अडत नाही. मात्र गाळ काढणाऱ्या यंत्राला हेच खांब आडवे येतात, ही बाजू सुशोभीकरणाच्या चित्रांत सहसा दिसत नाही.

आणि गाळ हेच या तलावांचे खरे दुखणे. झडपा गळू लागल्या की प्रत्येक भरती थोडा चिखल आत सोडते, त्यावर खारफुटी रुजते, साठवणक्षमता घटते. खारफुटी तोडावी, तर मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. सार्वजनिक हिताच्या अपरिहार्य कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते, शिवाय खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. पायवाटेची आखणीही या अटीतून सुटत नाही.

पवई तलावाचे उदाहरण बोलके आहे. १८९१ मध्ये बांधून झालेल्या या तलावाकाठी मुंबई महापालिकेने सायकल व जॉगिंग मार्गाचे काम हाती घेतले. पाण्याला वाट राहावी म्हणून जाळीबंद दगडांची रचना वापरल्याचा पालिकेचा दावा होता. उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी हे काम पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांविरुद्ध ठरवून केलेले बांधकाम काढण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून मानवनिर्मित जलसाठ्यांचे काही प्रकार वगळलेले आहेत. त्यामुळे धारण तलावांना ते लागू होतात काय, हा वाद नव्या मुंबईत वारंवार उपस्थित होतो.