नौकेच्या जोडसामानासाठी प्लास्टिकची निवड

नौकेवर दिवा, अँटेना, खोलीमापक, दोर बांधायचा खुंटा किंवा छताचा खांब बसवताना ते सामान आणि नौकेचे अंग यांच्या मध्ये जे ठोकळे, पट्ट्या, कंस व चकत्या येतात, त्यांना जोडसामान म्हणतात. पूर्वी हे काम सागवान व पितळ यांच्याकडे असे. आता बरेचसे प्लास्टिककडे आले आहे. प्लास्टिक गंजत नाही, कुजत नाही आणि दोन वेगळ्या धातूंमधला संपर्क तोडून त्यांची झीज रोखते. निवड मात्र अनेकदा केवळ ताकदीचे आकडे पाहून होते आणि ते चुकीचे आहे. पाणी, ऊन व सतत राहणारा भार यांत पदार्थ कसा टिकतो हे आधी पाहावे लागते.

नाशिकजवळच्या गंगापूर जलाशयात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. पाणी गोडे असल्याने कोकणच्या खाडीतील खारेपणाची चिंता येथे नाही, उन्हाची आहे. हिवाळ्यात पहाटेचा पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, उन्हाळ्यात दुपारी ४० च्या आसपास जातो आणि उन्हातील काळा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंतही तापतो. अशा ठिकाणी निवडीचा क्रम समुद्रापेक्षा थोडा बदलतो.

नायलॉन सहज मिळतो, चिवट असतो, म्हणून कारागिराचा हात आधी त्याच्याकडे जातो. पण तो पाणी पितो. पूर्ण भिजलेला नायलॉन ६ वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी शोषतो, फुगतो आणि त्याचा कडकपणा निम्म्याहूनही खाली येतो. कोरडा असताना नीट बसलेला बुश पाण्यात राहिल्यावर दांड्याला घट्ट धरतो. काचतंतू मिसळलेला नायलॉन बराच स्थिर असतो व नौकांच्या झडपांपर्यंत वापरला जातो. साधा नायलॉन पाण्याबाहेरच्या चकत्यांपुरताच ठेवावा. फिरणाऱ्या, घासणाऱ्या भागांसाठी त्याऐवजी अ‍ॅसिटल, म्हणजे बाजारातले डेलरिन, घ्यावे. ते पाणी फारच कमी शोषते आणि लेथवर माप धरून कापले जाते. उन्हात उघडे ठेवायचे असल्यास काळेच घ्यावे.

बहुतेक हलक्या कामांसाठी एचडीपीईची, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची, जाड शीट सर्वांत समाधानकारक ठरते. पाणी तिच्यात शिरत नाही आणि लाकडाच्या हत्यारांनी ती कापता येते. उन्हापासून तिला काजळी वाचवते: पाण्याच्या एचडीपीई पाइपांच्या आयएस ४९८४ या मानकात काजळीचे प्रमाण सुमारे २.५ टक्के आहे. नाशिकच्या द्राक्षबागांतील ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याही याच कारणाने. तिच्या उणिवा दोन आहेत. पहिली, ती पोलादाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक प्रसरण पावते. मीटरभर पट्टी ५० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर वाढते. म्हणून टोकांची भोके लांबट ठेवावीत. दुसरी, सततच्या दाबाखाली ती हळूहळू दबते आणि घट्ट आवळलेला बोल्ट सैल होतो. भोकात धातूची नळी बसवून बोल्टचा ताण त्या नळीवर घेतला की हा दोष जातो. तिला डिंक किंवा रंग मात्र नीट धरत नाही. जोड बोल्टचाच हवा.

पीव्हीसी ७५ ते ८० अंशांना नरम पडते. उन्हात भार पेलण्यासाठी ते नको. एबीएस उन्हाने ठिसूळ होते. पॉलिकार्बोनेट धक्का उत्तम सोसते, पण पेट्रोल, रंगाचे थिनर आणि नट पक्का करणारे द्रव यांच्या संपर्काने ताणाखाली तडकते.

खुंटा, खांब किंवा इंजिनाचा आधार यांसारख्या खऱ्या भाराच्या जागी फायबरच्या अंगामागे ग्लास-इपॉक्सीचा आधारपट्टा द्यावा. तो दबत नाही आणि धातूसारखाच थोडा प्रसरण पावतो. कापताना उडणारी काचेची धूळ घातक असल्याने मुखपट्टी आवश्यक आहे. आत लाकूड किंवा फोम असलेल्या अंगातील भोकाच्या कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय काहीही बसवू नये; पाणी तिथूनच आत शिरते.

खरेदीच्या वेळी तुकडा पाण्यात टाकून पाहावा. एचडीपीई तरंगते, नायलॉन, अ‍ॅसिटल व पीव्हीसी बुडतात. पॉलिप्रॉपिलीनही तरंगते आणि स्थिरीकारक नसेल तर उन्हात लवकर मोडते, त्यामुळे ही परीक्षा एकटी पुरेशी नाही. काळा रंग म्हणजे पुरेशी काजळी असेही नसते. भंगारातून बनवलेली शीट तितकीच काळी दिसते. विक्रेत्याकडून प्रतीचे प्रमाणपत्र मागावे.

कापणे व भोके पाडणे ही कामे नौका काठावर ओढूनच करावीत आणि चुरा गोळा करावा. गंगापूरचे पाणी नाशिक शहराला पिण्यासाठी जाते.