‘थकली’ या शब्दाच्या आड

मुरूड तालुक्यातले आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या काठचे गाव. पलीकडे दिघी, मध्ये फेरीबोट, खाडीच्या तोंडाशी जंजिरा. इथे सत्तरी ओलांडलेल्या बाईची चौकशी केली की घरातून उत्तर मिळते, ‘म्हातारी आता थकली.’ शब्द मायेचा आहे. पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक हृदयाचा आजार आणि दुसरी वयाने येणारी जर्जरता. ही सरमिसळ केवळ खेड्यातल्या अज्ञानातून आलेली नाही. वैद्यकशास्त्राने स्वतःच ती दोनशे वर्षे जोपासली.

छातीत कळ येण्याच्या विकाराचे पहिले नेमके वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये वाचले. ते १७७२ साली छापून आले. पुढे आपल्या अनुभवाचे सार लिहिताना त्याने सांगितले की, असे जवळजवळ शंभर रुग्ण पाहिले, त्यांत स्त्रिया फक्त तीन. बाकी बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे वा पुढचे पुरुष. त्याने पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. पण चालताना छाती आवळून येणारा पुरुष हाच हृदयरोग्याचा नमुना ठरला. दम लागणे, मळमळ, पाठ वा जबडा दुखणे, अंगातले त्राण जाणे या बायकांच्या तक्रारी त्या साच्यात बसल्या नाहीत.

विसाव्या शतकातही साचा फारसा बदलला नाही. १९४८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीत स्त्रिया होत्या, पण उपचारांच्या मोठ्या चाचण्या पुरुषांवरच झाल्या. ॲस्पिरिनची १९८९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी २२,०७१ डॉक्टरांवर झाली आणि ते सगळे पुरुष होते. गोळीने पहिला झटका बराच टळतो, असे दिसले. तोच प्रश्न ३९,८७६ स्त्रियांना घेऊन तपासला, तेव्हा २००५ साली निष्कर्ष वेगळा आला. एकूण स्त्रियांमध्ये झटके लक्षणीय कमी झाले नाहीत, पक्षाघात मात्र कमी झाला. पासष्टीपुढच्या बायकांना झटक्यापासूनही संरक्षण मिळाले. म्हणजे लिंग आणि वय दोन्ही विचारात घेतल्याशिवाय उत्तर लागत नव्हते. १९९१ साली डॉ. बर्नाडीन हीली यांनी या भेदावर बोट ठेवले आणि १९९३ साली अमेरिकेत सरकारी पैशाच्या संशोधनात स्त्रियांना घेण्याचा कायदा झाला.

मुंबईतला इतिहास याला समांतर आहे. १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. पुढे डॉ. रखमाबाईंसारख्या स्त्री-डॉक्टर आल्या. पडद्याआडच्या बायकांना दवाखान्याचे दार उघडले, पण ते मुख्यतः बाळंतपणाचे दार होते. बाईचे आरोग्य म्हणजे गर्भाशय, ही समजूत त्यातून घट्ट झाली. दुसरीकडे हृदयविकाराच्या क्षेत्रात मुंबईने जगाला मोठी देणगी दिली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग पन्नास रुग्णांच्या आधारे मांडला; १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण बाळंतपणाचे वय उलटलेली म्हातारी या दोन दारांच्या मध्येच उभी राहिली.

जर्जरतेला मोजमाप मिळाले ते २००१ साली. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या: नकळत वजन उतरणे, सततचा शिणवटा, मुठीची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन वा अधिक असतील तर जर्जरता. त्यांच्या पाहणीत पासष्टीपुढच्या स्त्रियांत ती ७.३ टक्के, पुरुषांत ४.९ टक्के आढळली. बायका जास्त जगतात, पण जास्त जर्जर होऊन जगतात, असे हे कोडे आहे. आपल्याकडे मुंबईच्या देवनारमधील लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरच्या वृद्धत्व-पाहणीत पंचेचाळिशीपुढची माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून सत्तर हजारांहून अधिक जणांना गाठले, तेव्हा पकड आणि चालही मोजली.

आता किनाऱ्याकडे पाहू. चाकरमानी मुंबईला आणि घर, शेत, मासळीची पाटी बायकांच्या डोक्यावर, ही कोकणाची जुनी रीत. चुलीचा धूर आणि मिश्री यांची भर त्यात. मिश्रीला कोणी तंबाखू म्हणत नाही, पण ती तंबाखूच असते. उतारवयात बाईच्या हृदयाचा एक खास आजार होतो: ते आकुंचन पावते नीट, पण ताठरल्यामुळे सैल होऊन भरत नाही. सोनोग्राफीत पंपिंग साठ टक्के दिसते, घरचे निर्धास्त होतात आणि म्हातारी जिना चढताना धापा टाकत राहते. दुसरा आजार जपानी डॉक्टरांनी १९९० साली नोंदवला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा खालचा भाग फुगतो; आकार तिथल्या कोळ्यांच्या ऑक्टोपस धरण्याच्या मडक्यासारखा, म्हणून नाव ताकोत्सुबो. रुग्ण बहुतांशी पाळी गेलेल्या बायका. नवरा गेल्यावर ‘हाय खाल्ली’ म्हणतात, त्यात कधी कधी हे असते.

जर्जरता आणि हृदयविकार एकमेकांना खेचतात. दम लागतो म्हणून चालणे सुटते, चालणे सुटले की स्नायू झडतात आणि स्नायू झडले की शस्त्रक्रिया वा औषध सोसण्याची ताकद घटते. मग ‘या वयात कशाला’ हा निर्णय होतो आणि तो बाईच्या बाबतीत लवकर होतो. आगरदांड्याहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरहून दूर. सोबत कोण जाणार, हा प्रश्नही तिथेच येतो. वास्तविक जर्जरता म्हणजे उपचार नाकारण्याचे कारण नव्हे. पुरेशी प्रथिने, रोजचे चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव यांनी ती काही अंशी मागे फिरते.

हेबर्डनच्या वहीत तीन बायका होत्या. बाकीच्या आजारी नव्हत्या असे नाही. त्या त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत किंवा पोचल्या तरी ओळखल्या गेल्या नाहीत. आपल्या घरातली म्हातारी ‘थकली’ असे म्हणण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे: गेल्या दिवाळीला विहिरीपर्यंत न थांबता जात होतीस, आता कुठे थांबतेस?