पाटलिपुत्र : पाण्याखालची राजधानी

पाटण्यातील कुम्हरारच्या उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायांखाली मौर्यांच्या राजधानीचा एक तुकडा पुरलेला आहे. वर दिसते ती हिरवळ आणि एक आडवा ठेवलेला दगडी स्तंभ.

इ.स.पू. ३०० च्या सुमारास ग्रीक वकील मेगॅस्थेनिस चंद्रगुप्ताच्या दरबारी होता. त्याचा ग्रंथ हरपला; स्ट्रेबो, एरियन आदींनी दिलेला सारांश तेवढा उरला. त्यानुसार नगराची लांबी ८० स्टेडिया, रुंदी १५, म्हणजे अंदाजे पावणेपंधरा किलोमीटर आणि पावणेतीन किलोमीटर. तटाला ५७० बुरूज व ६४ दरवाजे. आणि हा तट चक्क लाकडाचा! शंका यावी असाच हा तपशील. एरियन कारणही देतो : नदीकाठच्या नगरांत पुरामुळे विटांची बांधकामे टिकत नाहीत. पुढे बुलंदीबाग येथील उत्खननात ओंडक्यांच्या दोन समांतर भिंती खरोखरच चिखलातून वर आल्या. मेगॅस्थेनिसच्या पुष्कळ गोष्टी भाकडकथा ठरल्या. ही ठरली नाही.

कुम्हरारला १९१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी खोदाई सुरू केली. पैसा सर रतन टाटांचा (जमशेटजींचे धाकटे पुत्र; अलीकडचे रतन टाटा नव्हेत). स्पूनरना चुनारच्या दगडाचा एक चकचकीत स्तंभ मिळाला, आणि त्याहून विलक्षण म्हणजे सुमारे १५ फुटांच्या अंतराने, रांगेत, राखेची वर्तुळे. स्तंभ नव्हते, स्तंभांच्या जागा होत्या! अशा ७२ जागा त्यांनी मोजल्या. स्तंभ मऊ जमिनीत खचले व वरची राख पोकळीत उतरली, असा त्यांचा तर्क. या सभागृहाचे मूळ पर्सेपोलिसमध्ये शोधताना मात्र ते फारच वाहवत गेले.

१९५१ ते १९५५ या काळात डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उत्खनन झाले. राष्ट्रकूटांचा इतिहास लिहिणारे हे मराठी विद्वान तेव्हा पाटण्याच्या जयस्वाल संशोधन संस्थेत होते. त्यांना आणखी ८ स्तंभांच्या जागा सापडल्या. ‘अस्सी खंभा’ हे नाव त्यावरूनच. याच खोदाईत गुप्तकालीन आरोग्यविहाराची मातीची मुद्रा मिळाली. फाहियानने या नगरातील मोफत रुग्णालयांचे वर्णन केले आहे, हे लक्षात घेता तिचे मोल कळते.

हे सभागृह अशोकाचा प्रासाद होता, असे सर्रास लिहिले जाते. तसे सांगणारा एकही लेख तेथे मिळालेला नाही.

सभागृहाच्या दक्षिणेस स्पूनरना लाकडी चौथरे सापडले होते. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्यांचे ओंडके शाबूत होते, कारण ते भूजलात बुडालेले राहिले. तेच पाणी पुढे उघड्या अवशेषांत साचू लागले, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्तंभांच्या जागा पुन्हा मातीने बुजवाव्या लागल्या.