विहंगम मार्ग

विहंगम मार्ग : आसन, श्वासनियमन किंवा जप यांच्या दीर्घ अभ्यासापेक्षा विवेकाच्या बळावर 'मी'पणाची पकड सोडवणारी साधनापद्धती. विहंगम म्हणजे पक्षी. याच्या जोडीला येणारा दुसरा शब्द पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीची वाट. ही शब्दजोडी जुनी आहे. पण विसाव्या शतकात तिला संप्रदायाच्या नित्य बोलण्यातले स्थान मिळाले ते सोलापूर जिल्ह्यातील पाथरी येथे जन्मलेल्या सिद्धरामेश्वर महाराजांमुळे (1888–1936). मन शांत करून हातातले सोडून देण्याच्या ज्या चिनी ताओ साधना आज शिबिरांतून शिकवल्या जातात, त्यांच्याशी या मार्गाचे नाते वरवर पाहता फार जवळचे वाटते. ते कुठवर जवळचे आणि कुठे फाटते, हे पुढे येईल.

वराहोपनिषदात शुक आणि वामदेव यांच्या नावे मुक्तीच्या दोन वाटा सांगितल्या आहेत : शुकाची पक्ष्याची, वामदेवाची मुंगीची. मराठीत हा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात येतो. सांख्य आणि कर्मयोग या दोन निष्ठांचा भेद सांगताना ज्ञानदेव फळाने लगडलेले झाड समोर ठेवतात. पक्षी एका झेपेत फळाला भिडतो. माणसाला ते जमत नाही, तो फांदीफांदीने चढतो. मात्र चढणाराही फळापाशी नक्की पोचतो, हे ज्ञानदेवांनी तिथेच सांगून ठेवले आहे. पुढे विहंगम मार्गाचा कैवार घेणाऱ्या अनेकांनी दृष्टांताचा हा उत्तरार्ध सोयीने गाळला.

सोलापूरच्या भूमीत या वादाचे आणखी एक, बरेच जुने रूप सापडते. शहराचे ग्रामदैवत असलेले शिवयोगी सिद्धराम हे बाराव्या शतकातले, बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या मुद्रिकेची त्यांची कन्नड वचने प्रसिद्ध आहेत. सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथे त्यांनी देवळे उभारली, तलाव खोदला, लोकांना कामाला लावले. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथातली कथा अशी, की अल्लमप्रभू तिथे आले आणि 'तो दगडमाती उपसणारा वड्डर कुठे आहे' असे त्यांनी भर कामावर विचारले. चिडलेल्या मजुरांनी त्यांच्यावर दगड टाकले. सिद्धराम स्वतः रागाने धावून आले. मग झालेल्या संवादात अल्लमांनी त्यांना दाखवून दिले, की तळे लोकांसाठी असले तरी 'मी खोदले' हे धरून बसणे हेही बंधनच आहे. सिद्धराम त्यांच्यासोबत बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : तळे काही कुणी बुजवले नाही. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत लोक त्याच तळ्याकाठच्या मंदिरात येतात. सोडायचे ते काम नव्हते.

पाथरीच्या सिद्धरामेश्वरांच्या नावात याच ग्रामदैवताचे नाव आहे. त्यांची गुरुपरंपरा मात्र वेगळी. ती निंबर्गी–इंचगेरी संप्रदाय म्हणून ओळखली जाते आणि आपला उगम नवनाथांपैकी रेवणनाथांकडे नेते. निंबर्गी महाराज (गुरुलिंगजंगम), त्यांचे शिष्य रघुनाथप्रिय साधुमहाराज आणि त्यांच्यानंतर उमदीचे भाऊसाहेब महाराज देशपांडे (1843–1914) अशी ही मालिका आहे. उमदी सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात; निंबर्गी आणि इंचगेरी विजयपूर जिल्ह्यात; पुढे ज्याचा उल्लेख येईल ते निंबाळ हे सोलापूर–विजयपूर लोहमार्गावरचे स्थानक. सारा संप्रदाय असा एका कोरडवाहू पट्ट्यात, मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवर वाढला. लिंगायत गुरूचा ब्राह्मण शिष्य आणि त्या ब्राह्मणाचा पुन्हा बहुजन शिष्यवर्ग, 'दासबोधा'चे निरूपण आणि कन्नड वचनांचा संस्कार, हे इथे एकाच घरात नांदते.

भाऊसाहेबांची शिकवण मुंगीच्या वाटेची होती. गुरूने दिलेले नाम श्वासाच्या गतीशी जोडायचे, ठरलेल्या वेळी बसायचे, नेम चुकवायचा नाही. श्वासाला नाम जोडण्यामागे नाथपंथीयांची अजपाजपाची कल्पना आहे. माणूस दिवसरात्रीत 21,600 श्वास घेतो, असे परंपरा मानते (मिनिटाला 15 या हिशोबाने हा आकडा बरोबर जुळतो), आणि आत जाणारा व बाहेर येणारा प्रत्येक श्वास आपोआप 'सोऽहं' म्हणत असतो. साधकाने जप करायचा नसून चालू असलेला ऐकायचा. प्राणायामात असतो तसा कुंभकाचा, म्हणजे श्वास कोंडण्याचा, जोर, मात्रा मोजणे, नाकपुड्या बदलणे यांत महत्त्वाचे नाही. श्वास जसा आहे तसा राहतो. त्याच्या खांद्यावर नाम ठेवायचे एवढेच. याच वाटेने चाललेले भाऊसाहेबांचे सर्वांत ख्यातनाम शिष्य म्हणजे तत्त्वज्ञ रा. द. रानडे (1886–1957). ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू झाले, महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावर त्यांनी 1933 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निंबाळला आश्रम उभारला. रानड्यांनी गुरूचा नेम अखेरपर्यंत सोडला नाही.

सिद्धरामेश्वरांनी तो ओलांडला. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ते विजयपूरला एका पेढीवर हिशेबनीस म्हणून काम करीत होते. 1906 मध्ये त्यांना भाऊसाहेबांकडून नाम मिळाले. गुरूंच्या निधनानंतर 1918 च्या सुमारास काही गुरुबंधूंसह ते संप्रदायाच्या प्रचारासाठी बाहेर पडले. 1920 च्या आसपास त्यांच्या मनाने घेतले, की ध्यान ही पहिली पायरी आहे आणि तिच्या पुढे जाता येते. गुरुबंधूंना हे रुचले नाही. गुरूंनी जे सांगितले त्यापलीकडे काय असणार, असा त्यांचा आक्षेप होता. सिद्धरामेश्वरांनी विजयपूरला काही महिने एकांतात कठोर साधना केली आणि त्यानंतर ते विवेकाचा, म्हणजे ऐकून, समजून, नाकारून पुढे जाण्याचा मार्ग सांगू लागले. मुंगीची वाट मुळीच न चालता पक्षी झालेला हा माणूस नव्हे. चौदा वर्षांच्या नेमानंतरची ही झेप आहे, आणि म्हणूनच नवख्याला ती 'सोपी' म्हणून सांगणे फसवे ठरते.

पद्धतीचा गाभा चार देहांचा विचार हा आहे. स्थूल देह म्हणजे हाडामांसाचा. सूक्ष्म देह म्हणजे मन, बुद्धी, इंद्रिये, वासना. कारण देह म्हणजे विस्मृती : जिथे विचार नाही, चित्र नाही, काहीच कळत नाही असा कोरा अंधार. महाकारण देह म्हणजे 'मी आहे' एवढीच जाणीव. साधकाने एकेक देह निरखायचा आणि 'हा मी नव्हे' म्हणून मागे ठेवायचा. पहिल्या दोन देहांपर्यंत फारशी अडचण येत नाही. खरा प्रसंग तिसऱ्यापाशी येतो. मन गप्प झाल्यावर साधकाला वाटते, आता काहीच उरले नाही. कुणी घाबरून मागे फिरतो, कुणी यालाच शांती समजून तिथेच मुक्काम ठोकतो. सिद्धरामेश्वरांचे सांगणे असे, की इथे धीर धरून थांबावे. 'काही कळत नाही' हे ज्याला कळते, तो विस्मृतीचा साक्षी आहे. त्याची ओळख पटली की चौथा देह उघडतो. आणि विशेष म्हणजे चौथाही सोडायचा आहे; 'मी आहे' ही जाणीवसुद्धा परब्रह्मावर आलेली लाट, कायमचे घर नव्हे.

ताओ साधनेशी तुलना करायची ती याच जागी. च्वांगत्सेच्या नावे असलेल्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात कन्फ्यूशिअसचा शिष्य गुरूला सांगतो, की आपण नीती विसरलो, रीतिरिवाज विसरलो आणि आता बसल्या बसल्या सारेच विसरतो. गुरू थक्क होतो आणि त्यालाच गुरू करायला निघतो. 'त्सो-वांग', बसून विसरणे, हा शब्द तिथला. आठव्या शतकात स्सू-मा छंग-चन (647–735) या ताओ आचार्याने याच शब्दावर स्वतंत्र ग्रंथ रचून त्याची पायऱ्यापायऱ्यांची साधना केली. म्हणजे पक्ष्याच्या झेपेची शिडी तिकडेही झालीच. या साधनेत अंग, इंद्रिये, ज्ञान गळून पडते आणि साधक महान ओघाशी एकरूप होतो. विसरणे हे तिथे मुक्कामाचे गाव आहे. सोलापूरकडच्या मार्गात विसरणे हे वाटेतले स्थानक. तिथे गाडी थांबते, पण उतरायचे नसते. दोन्हीकडे सोडण्याची कृती एकच दिसत असली तरी 'सोडल्यावर कोण उरतो' हा प्रश्न वेदान्ती विचारल्यावाचून राहत नाही, आणि ताओवाद्याला तो प्रश्नच पकडीचा शेवटचा अंश वाटतो. प्रस्तुत नोंदीच्या मते दोहोंना एकच म्हणण्याची घाई इथे चुकते.

श्वासाच्या बाबतीतही फरक आहे. च्वांगत्सेच्या त्याच प्रकरणात खऱ्या माणसाचा श्वास टाचांपासून येतो, इतरांचा घशातून, असे म्हटले आहे. पुढच्या ताओ परंपरेत श्वास बेंबीखालच्या केंद्राशी उतरवणे, गर्भातल्या बाळासारखा सूक्ष्म होऊ देणे, 'छी' ही प्राणशक्ती शरीरात फिरवणे अशा तपशीलवार क्रिया वाढल्या. त्यांचा हेतू दीर्घायुष्य हाही होता. विहंगम मार्गाला शरीर टिकवण्यात रस नाही. आपल्याकडे या चिनी क्रियांचे भावंड शोधायचे तर ते ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णनात आणि हठयोगात सापडेल. सावकाश, लांबवलेल्या उच्छ्वासाने नाडी मंदावते आणि शरीर विश्रांतीकडे झुकते, एवढे शरीरशास्त्राला मान्य आहे. अशा क्रियांची प्रयोगशाळेतली तपासणी महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून सुरू केली. मात्र श्वास कोंडून धरण्याचे प्रकार हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी पुस्तकात वाचून करू नयेत.

सोडून देणे म्हणजे घरदार सोडणे नव्हे, हा या मार्गाचा ठळक विशेष. सिद्धरामेश्वरांचे शिष्य दुकानदार, नोकरदार, कामगार असे संसारी होते. बैठक भरायची, 'दासबोध', 'योगवासिष्ठ', 'एकनाथी भागवत' यांवर निरूपण व्हायचे आणि लोक सकाळी पुन्हा कामाला जायचे. निरूपणाची भाषा रोकडी असे. वस्तूचा त्याग करायचा नसून वस्तूवरचा 'माझे' हा शिक्का पुसायचा, असे तिचे सार सांगता येईल. प्राचीन ताओ आचार्य लाओत्से याच्या 'वू-वेई'शी, म्हणजे ओढाताण न करता घडू देण्याशी, इथे खरे साम्य आहे. ही प्रवचने शिष्यांनी टिपून ठेवली म्हणून उरली. 9 नोव्हेंबर 1936 रोजी मुंबईत सिद्धरामेश्वरांचे निधन झाले. त्यांची समाधी वाळकेश्वरला बाणगंगेपाशी आहे.

त्यांच्या शिष्यांत रणजित महाराज (1913–2000), कन्नूरचे गणपतराव महाराज आणि कणेरी मठाचे काडसिद्धेश्वर महाराज यांची नावे प्रमुख आहेत. परंतु जगभर पोचले ते निसर्गदत्त महाराज (1897–1981). मूळचे मारुती शिवरामपंत कांबळी, सिंधुदुर्गातील कांदळगावच्या घराण्यातले, मुंबईत खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे. 1933 मध्ये त्यांची सिद्धरामेश्वरांशी गाठ पडली. 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, या गुरूच्या एका वाक्यावर त्यांनी भिस्त ठेवली आणि गुरू पुढे चारच वर्षांच्या आत गेले. निसर्गदत्तांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूप 1973 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांनी प्रसिद्ध केले. हे पोलिश अभियंते आधी औंध संस्थानात ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात रमले होते; सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या पंतप्रतिनिधींच्या राज्यातून ते विडीच्या दुकानावरच्या पोटमाळ्यापर्यंत आले, हा योग मजेदार आहे. पुस्तक वाचून परदेशी माणसे खेतवाडीचा जिना चढू लागली. त्यांना तत्काळ ज्ञान हवे असे, पक्ष्याची झेप हवी असे. पोटमाळ्यावर मात्र भाऊसाहेबांच्या काळापासून चालत आलेली भजने दिवसातून अनेकदा, टाळ वाजवून, ठरल्या वेळी होत, आणि आजारपण वाढेपर्यंत महाराज स्वतः त्यांत उभे राहत.