दगड इथला, चाक तिथले

ठाण्याहून कल्याणकडे जाताना मुंब्र्याजवळ पारसिकचा डोंगर लागतो. 1916 साली सुरू झालेला रेल्वेचा बोगदा याच डोंगरातून काढला आहे. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच आहे. 2004 मध्ये 'स्पिरिट' या रोव्हरने तिथला जो पहिला दगड घासून पाहिला, तोही बेसाल्ट निघाला. डोंबिवलीतल्या मुलांच्या पायाखालच्या खडकाचा लांबचा भाऊच म्हणा ना!

आपल्या लोणारचे महत्त्व यातूनच आले. तिथे छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत जबर आघाताच्या खुणा सापडल्या. लोणारचे विवर ज्वालामुखीचे नसून उल्कापाताचे आहे, असे अमेरिकन व भारतीय भूवैज्ञानिकांनी 1973 मध्ये दाखवले. बेसाल्टमधली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. त्यामुळे चंद्र-मंगळाचे अभ्यासक इथे येऊ लागले.

मग चांद्रयान-2 च्या चाचण्यांसाठी इस्रोने दख्खनचा दगड का घेतला नाही? कारण यान चंद्राच्या दक्षिणेकडील उंच प्रदेशात उतरायचे होते आणि तिथला खडक फिकट रंगाचा अ‍ॅनॉर्थोसाइट आहे. तो तामिळनाडूत नामक्कल परिसरात मिळतो. तो दळून चाचणीची माती तयार केली. आपला दगड जुळतो तो चंद्रावरच्या काळ्या डागांशी.

माती जुळली तरी वजनाचा प्रश्न उरतो. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 38 टक्के. म्हणून 'क्युरिऑसिटी' रोव्हरची चाचणीची जोडगाडी मुद्दाम हलकी बनवली. तिला संगणकच नाही, म्हणून तिचे नाव 'स्केअरक्रो', म्हणजे बुजगावणे!

चाकांची रचना मात्र 1997 च्या 'सोजर्नर'पासून फारशी बदललेली नाही. चार पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते, हे आपण रोज पाहतो. सहा चाकांची गाडी का डुगडुगत नाही? दोन्ही बाजूंची चाके एकमेकांना जोडलेल्या तरफांवर बसवलेली असतात. एक चाक दगडावर चढले की बाकीची आपापल्या जागी टेकून राहतात. स्प्रिंग लागत नाही. साडेदहा किलोंची सोजर्नर सेकंदाला सेंटिमीटरभर सरकायची.

एवढे करूनही जमीन फसवतेच. 2009 मध्ये स्पिरिट भुसभुशीत मातीत रुतला. त्याचे एक चाक 2006 पासूनच बंद होते. कॅलिफोर्नियात बारीक भुकट्या मिसळून तशीच माती तयार केली आणि तिच्यात दुसरी गाडी रुतवून महिनोन्महिने युक्त्या करून पाहिल्या. पण स्पिरिट बाहेर निघाला नाही. 22 मार्च 2010 नंतर त्याचा संदेश आला नाही.

मला अधिक बोधप्रद वाटते ती क्युरिऑसिटीची हकिगत. 2012 मध्ये उतरलेल्या या 899 किलोंच्या गाडीची चाके अ‍ॅल्युमिनियमची, पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. 2013 मध्येच त्यांना भोके पडलेली दिसली. चाचण्या काय कमी झाल्या होत्या? पण तिथे वाऱ्याने तासलेले टोकदार दगड जमिनीत घट्ट रुतून बसले होते. सुटा दगड चाकाखाली सरकतो, रुतलेला सरकत नाही. शिवाय मागची चाके ढकलत असतात, त्यामुळे पुढच्या चाकावर त्याच्या वाट्याच्या वजनाहून जास्त जोर येतो. मग रस्ते वाळूचे निवडले गेले आणि कधी कधी गाडी उलटी चालवली गेली.

हे वर्गात करून पाहता येईल. एका ट्रेमध्ये सुटी खडी घ्या, दुसऱ्यात तीच खडी टोके वर ठेवून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवा. रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यावर स्पंजची पट्टी आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळा. डबा दोन्हींवरून ढकलत न्या आणि कागदाला पडलेली भोके मोजा.

18 फेब्रुवारी 2021 ला मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स'च्या चाकांचा पत्रा जवळजवळ दुप्पट जाड आहे. त्यावर 24 नागमोडी कडांऐवजी किंचित वळलेल्या 48 कडा आहेत.